भट्टीचं कुमसार

भट्टी पाप करते यावर माझा विश्वास नाही. भट्टी म्हणजे विटा, लोखंड, पाइप आणि गॅस. पण आमच्या कारखान्यातली भट्टी दर वर्षी ईस्टरच्या आदल्या आठवड्यात पापं कबूल करायची, आणि ती झाडून सगळी माझ्या नावावर निघायची. हे घडवून आणणाऱ्या माणसाचं नाव इनासमामा.

प्रकार असा असे. बुधवारी संध्याकाळी मामा गॅस बंद करत. गुरुवारी भट्टी निवाली की एक रिकामा पत्र्याचा डबा उपडा घालून तिच्यासमोर बसत, दाराला कान लावत आणि अगदी हळू आवाजात म्हणत, "हां, बोल." मग डोळे मिटून ऐकत. मधूनच मान हलवत. एकदा तर त्यांना "अरेरे" म्हणताना मी स्वतः ऐकलं आहे. वसईकडचे ख्रिस्ती लोक ईस्टरच्या आधी चर्चमध्ये जाऊन फादरांपाशी आपल्या चुका सांगतात, त्याला कुमसार म्हणतात. माणसानं कुमसार करावं, माझं काही म्हणणं नाही. पण गॅसवर चालणाऱ्या भट्टीनं?

ऐकून झालं की मामा उठत, पान्यानं बर्नर सोडवत आणि एकेक हातात धरून सगळ्या कामगारांना दाखवत.

"हा बघा. काजळीनं भरला. का भरला? पावसाळ्यात हवेची जाळी बदलायची होती, बदलली नाय. कोणी बदलली नाय?"

सगळा कारखाना माझ्याकडे बघे.

"ही वीट बघा. तडा गेला. का गेला? गार माल घाईघाईनं आत कोंबला. कोणी कोंबायला लावला?"

पुन्हा सगळे माझ्याकडे. मी मॅनेजर. माल वेळेवर बाहेर काढणं हे माझं काम. तो गार आत गेला की गरम, याचा जाब मी एका लोखंडी पेटाऱ्याला का द्यावा? पण मामांपुढे बोलायची सोय नव्हती. "भट्टी खोटं बोलत नाय, मॅनेजर बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेवटी ते मला प्रायश्चित्त देत: नव्या विटा मागव, नवी जाळी मागव, पंख्याचं बेअरिंग मागव. मी म्हणे, "मामा, पुढच्या वर्षी बघू." त्यावर दुसरं ठरलेलं वाक्य येई. "क्षमा हाय. सूट नाय."

आमचा कारखाना वसईजवळ गोखिवऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत होता. ऐंशीच्या सुमाराला तिथं शेतं बुजवून गाळे उभे राहत होते. बाकीचे कारखाने लोखंडाचे भाग बनवत, आम्ही ते भाग भट्टीत लालबुंद करून तेलात बुडवत असू, म्हणजे ते टणक होत. बाकी आमच्याकडे काही नव्हतं. भट्टी चालली तर कारखाना, नाही तर नुसती पत्र्याची शेड. ही गोष्ट इनासमामांना पक्की ठाऊक होती, आणि त्यांनी ती कधी कोणाला विसरू दिली नाही. वयानं साठीला टेकलेले, भुईगावचे, अंगानं काटक, आणि राग कायम नाकावर. मालक प्रधानसाहेबांना ते 'साहेब' म्हणत, पण मला मात्र सगळ्यांदेखत 'तांबे' आणि 'तू'.

त्यांच्या सफाईच्या तऱ्हा सांगाव्यात तेवढ्या थोड्या. गॅसच्या पाइपाचा सांधा गळतोय का हे बघायला त्यावर साबणाचा फेस लावतात; फुगा आला की गळती. एवढं साधं काम. पण मामा त्यासाठी घरून आपला दाढीचा ब्रश आणत. वाटीत साबण घोळून प्रत्येक सांध्याला असा काही फेस चोपडत, की पाइप आता लग्नालाच निघाला असावा. काम झालं की उरलेल्या फेसानं, त्याच ब्रशानं, भट्टीच्या चकचकीत दारात बघून स्वतःची दाढी करत. मी एकदा म्हटलं, "मामा, निदान ब्रश तरी वेगळा ठेवा." तर म्हणाले, "का? तिला काय रोग हाय?"

खंडेनवमीला तर दर वर्षी युद्ध. कामगार हौसेनं भट्टीला हार घालत, हळदकुंकू लावत. त्याला मामांची हरकत नसे. उलट प्रसादाचे पेढे तेच जास्त खात. पण एकदा कोणीतरी आतली ज्योत बघायच्या काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं. मामांचा जो भडका उडाला! "कपाळाला लावा, गालाला लावा! डोळ्यात कुंकू घालतात का कोणी?" दुपारभर ते स्पिरिटच्या बोळ्यानं ती काच पुसत होते आणि पुसताना भट्टीची समजूत घालत होते. आमच्याशी बोलताना आवाज असा, की पत्रे थरथरावेत. भट्टीशी बोलताना मात्र लोण्यासारखा. याचा राग येणार नाही तर काय?

जेवणाचंही तेच. सगळे कामगार डबे भट्टीजवळच्या कट्ट्यावर ठेवून ऊन करत. मामा डबाच आणत नसत. दोन पाव आणि पानात बांधलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, वर काळा चहा. बारा महिने तेच. भुईगावात यांची केळीची वाडी, विहीर, कौलारू घर, मुलगा बहारीनला, आणि हा माणूस गार पाव चावत बसतो. मी तेव्हा समजलो, कंजूष आहे. उघड म्हणतही असे.

पण माझ्या खऱ्या संतापाचं कारण रविवार. भट्टीचे मोठे बर्नर सुट्टीच्या दिवशी बंद असत. आत एक छोटी ज्योत तेवढी सतत जळत ठेवलेली असे. तिला पायलट म्हणतात. तिच्यावरून सोमवारी बाकीचे बर्नर पेटवायचे. ईस्टरची सफाई सोडली तर ही ज्योत कधीही विझता कामा नये, हा मामांचा कायदा. एक सिलिंडर संपायच्या आत दुसरं जोडलं पाहिजे, वीज गेली तर पायलट आधी बघितला पाहिजे, त्याच्याजवळ कोणी जोरात शिंकतासुद्धा कामा नये. आणि ती ज्योत नीट आहे ना, हे बघायला मामा दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून सायकलवरून येत. शेडची किल्ली माझ्याकडे. मी राहत होतो आचोळ्याला, नव्यानंच उठलेल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. जेवून नुकतं कुठं आडवं व्हावं, तर खालून हाक: "तांबे! किल्ली!"

मी म्हणे, "मामा, एक ज्योत ती. विझली तर काडी ओढून पुन्हा लावू." त्यावर ते माझ्याकडे असे बघत, की जणू मी चर्चमध्ये चपला घालून वेदीवर चढलोय. आमची सौभाग्यवती त्यांचीच बाजू घेई. त्यांना चहा देई, आणि चहा होईपर्यंत मामा आमच्या गॅसच्या शेगडीचा बर्नर उघडून टाचणीनं त्याची भोकं साफ करत. "घरातल्या शेगडीची ही दशा," ते माझ्याकडे बघत म्हणत, "तर कारखान्यात काय दिवे लावत असणार." बायको मान डोलवे. माझ्याच घरात, माझ्याच रविवारी!

आता कंदिलाचं सांगतो. सफाई झाल्यावर भट्टी पुन्हा पेटवायची ती ईस्टरनंतरच्या सोमवारी, आणि कशी? काडेपेटीनं नव्हे. ईस्टरच्या आदल्या शनिवारी चर्चच्या अंगणात नवा विस्तव पेटवतात, त्यावरून मोठी मेणबत्ती लावतात, आणि मग लोक आपापल्या मेणबत्त्या त्यावरून लावून घेतात. मामा त्या विस्तवावर आपला रॉकेलचा कंदील लावून घरी नेत, तो रविवारभर जळता ठेवत आणि सोमवारी सकाळी तस्साच पेटता कारखान्यात आणत. एस.टी.नं! भुईगावच्या गाडीतला कंडक्टर दर वर्षी सांगे, "काका, पेटता कंदील गाडीत चालत नाही." मामा कंदील त्याच्यापुढे धरत. "मग विझव. ईस्टरचा विस्तव हाय. घाल फुंकर." गाडीतले सगळे उतारू कंडक्टरकडे बघत. गाडी सुटे. एरवी हाच माणूस शेडच्या फाटकाबाहेर कोणी विडी पेटवली तरी अंगावर धावून जायचा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच!

आणि मग ते वर्ष आलं. ट्रॅक्टरचे भाग टणक करून द्यायचं मोठं काम आम्हाला मिळालं होतं. वेळेत दिलं तर पुढचं वर्षभराचं काम आमचं, नाही दिलं तर ते दुसऱ्या कारखान्याकडे जाणार. प्रधानसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "तांबे, यंदा ती ईस्टरची सुट्टी नाही. भट्टी चालू राहील. इनासला तुम्हीच सांगा." मालक लोक असेच. गोड निर्णय स्वतः सांगतात, कडू मॅनेजरच्या हाती देतात.

मी मामांना सांगितलं. ते पंख्याची पाती पुसत होते. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"कोण म्हणतो?"

"साहेब."

"तुला कळतं ना, भट्टी घाण झालीय? ज्योत पिवळी येते."

"मला तर निळीच दिसते. मामा, दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. सफाई मे महिन्यात करा."

"मे महिन्यात? तांबे, जुना विस्तव शुक्रवारपर्यंत मेला पाहिजे. शनिवारी नवा येतो. जुना जळतच राहिला, तर मी नवा आणून ठेवू कुठं? तुझ्या डोक्यावर?"

"कुठंही ठेवा. घरी ठेवा!"

त्यांनी खाली ठेवलेलं फडकं उचललं आणि त्याची नीट घडी घातली. मग म्हणाले, "सोमवारी मी कंदील घेऊन येणार. भट्टी बंद असली तर लावीन. चालू असली तर तसाच परत जाईन, आणि मग इनास तुला दिसणार नाय." दाढीचा ब्रश खिशात घातला आणि भर दुपारी निघून गेले.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हटलं, जा! भट्टी काय तुमच्या एकट्यालाच चालवता येते? खाडीकाठच्या गावातला भगवान नावाचा आमचा एक ऑपरेटर होता, शांत आणि मेहनती. त्याला म्हटलं, तू चालव. आणि काय सांगू, भट्टी झकास चालली! गुरुवारी चालली, शुक्रवारी चालली, शनिवारी चालली. धूर नाही, खोकला नाही, माल एकसारखा टणक. म्हणजे इतकी वर्षं आम्ही तीन-तीन दिवस कारखाना बंद ठेवून ह्या माणसाची नाटकं बघत बसलो! ती सगळी पापं, ती प्रायश्चित्तं, ते रविवार! मला आनंद व्हायला हवा होता, पण संतापच इतका झाला की रविवारी दुपारी भट्टी भगवानच्या स्वाधीन करून मी सरळ भुईगावला निघालो. मामांची समजूत घालायला नव्हे, मुळीच नाही. त्यांच्या तोंडावर सांगायला, की भट्टी चालली. तुमच्यावाचून चालली.

बायकोनं हातात शिऱ्याचा डबा दिला. "सणाचा दिवस आहे, रिकाम्या हातानं भांडायला जाऊ नका."

भुईगावात सण होता. अरुंद गल्ल्यांतून नवे कपडे घातलेली माणसं झाकलेली ताटं घेऊन एकमेकांकडे चालली होती. घराघरांतून मटणाचा वास येत होता. एका बाईनं मामांचं घर दाखवलं. दार उघडंच होतं. मी वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवत आत शिरलो.

मामा स्वयंपाकघरात पाटावर बसले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. शेजाऱ्यांकडून आलेली ताटं तशीच झाकलेली, गार. समोर मातीची चूल. इतकी स्वच्छ सारवलेली चूल मी कधी पाहिली नाही. राखेचा कण नाही, सरपणाची काडी नाही. आणि चुलीच्या तोंडाशी, भर दुपारी, कंदील जळत ठेवलेला.

"ये तांबे," ते म्हणाले. आवाज भट्टीशी बोलतानाचा. माझ्याशी तो आवाज त्यांनी कधी काढला नव्हता, त्यामुळे माझं वाक्य अडलं.

मी शिऱ्याचा डबा पुढे केला आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "चूल नाही पेटवत?"

"कोणासाठी?" ते म्हणाले. मग थोड्या वेळानं आपणच बोलू लागले. अर्धं आमच्या भाषेत, अर्धं त्यांच्या घरच्या बोलीत. जे कळलं ते सांगतो. चूल आनामरीची. आनामरी म्हणजे त्यांची बायको. शुक्रवारी ती चूल विझवायची, राख काढायची, सारवायची. शनिवारी देवळातून, म्हणजे चर्चमधून, विस्तव आणायची आणि रविवारी त्यावर पहिलं भांडं चढायचं. आणि तो विस्तव ती वर्षभर विझू द्यायची नाही. राखेत निखारा झाकून ठेवायची. एखाद्या दिवशी विझलाच, तर दिवसभर कोणाशी बोलायची नाही. मामा तिला हसायचे. म्हणायचे, काडेपेटी कशाला असते?

"ती गेली त्या वर्षीसुद्धा मी आणला विस्तव. सवय. चूल पेटवली. पण एकट्या माणसाचं काय शिजवायचं? चहा केला. संध्याकाळपर्यंत विझली. मी बघत बसलो होतो तरी विझली, तांबे. एकट्या माणसाची चूल राहत नाय पेटलेली. मुलगा म्हणतो, बहारीनला या. तिथं कुठं नेऊ?" त्यांनी कंदिलाची वात किंचित खाली केली. "मग मनात आलं, आपल्याकडे एक हाय जागा. वर्षभर विझत नाय. तिथं ठेवला, की वाटतं, घरात कोणीतरी हाय."

इतकी वर्षं दर रविवारी माझी झोपमोड करून हा माणूस बायकोची चूल बघायला येत होता, आणि सांगायचं म्हणून नाव नाही! आधी सांगितलं असतं तर मी काय किल्ली दिली नसती? मला रडू येईल असं वाटलं आणि त्याचाही रागच आला.

"भट्टी बंद हाय ना, तांबे?" त्यांनी विचारलं. विचारताना माझ्याकडे बघत नव्हते. "उद्या आणू ना?"

"वेळेवर या," मी जरा खेकसूनच म्हणालो. "दर वर्षी एस.टी.त भांडत बसता आणि उशीर करता."

सोमवारी उजाडताच मी कारखान्यात हजर झालो. भगवान नवा माल आत भरायच्या तयारीत होता. मी म्हटलं, "गॅस बंद कर."

"आतमंदी माल हाय, साहेब."

"तापला असेल तो काढ, तेलात टाक. नवा भरू नकोस. बंद कर."

"पायलट पन?"

"पायलट पण."

"साहेब, ती काय पानी हाय, नल फिरवला की गार व्हायला? विटा लाल हायेत अजून. आनि आजचा माल? मालकाला काय सांगनार?"

"मालकाला मी बघतो. तू फिरव!"

भगवाननं नळ फिरवला. आतली निळी ज्योत बसली. मी आयुष्यात पहिल्यांदाच एखादं काम बंद पडलेलं उभं राहून बघत होतो, आणि मनात प्रधानसाहेबांच्या शिव्यांची उजळणी चालली होती. ट्रॅक्टरवाल्यांचा ट्रक दुपारी यायचा होता. भगवान गारव्यासाठी पंखा लावून दाराशी उभा राहिला. पण भट्टी कसली निवते! चार हातांवरून धग लागत होती.

मामा आले. पांढरा सदरा, हातात पेटता कंदील. सरळ भट्टीपाशी गेले. दोन पावलं अलीकडेच त्यांना धग लागली असणार, कारण ते थांबले. त्यांनी काचेतून आत पाहिलं. विटा लाल. शेजारी तेलातून नुकतेच काढलेले भाग वाफाळत पडलेले. भगवाननं मान खाली घातली.

"तांबे," मामा म्हणाले, "ही गरम हाय."

"उन्हामुळे," मी म्हणालो.

सकाळची वेळ, वर पत्र्याचं छप्पर, सूर्य अजून शेडच्या मागेच होता. यापेक्षा मूर्ख उत्तर मला सुचलं नसतं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता कंदील घेऊन हा माणूस वळणार आणि फाटकातून बाहेर पडणार.

"हां," ते म्हणाले. "यंदा ऊन फार हाय."

मग त्यांनी पंखा फिरवून आतला गॅस काढला, लांब दांडीला गुंडाळलेला बोळा कंदिलावर धरून पेटवला आणि पायलटच्या तोंडाशी नेला. फक् असा आवाज झाला आणि आत निळी ज्योत उभी राहिली. मामा काचेशी वाकून तिच्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण ते भट्टीशी नव्हतं, एवढं मला कळलं.

"सफाई मे महिन्यात करू," काचेवरची नजर न काढता ते म्हणाले. "तुझा माल भर."

ऑफिसात फोन वाजायला लागला होता. प्रधानसाहेबच असणार. मी जागचा हललो नाही. म्हटलं, वाजू दे. सणासुदीच्या दिवशी दोन मिनिटं माणसाला उभं राहू देत नाहीत हे लोक!